दुखणेकऱ्याचा चौथा गुण

ज्या घरांत आजी, काकू, आत्याबाई अशीं वडील माणसें अद्यापि एकत्र नांदत आहेत, त्या घरीं “गुडघे धरले”, “कंबर लागली”, “खांदा वर जात नाहीं” हीं वाक्यें दिवसांतून चार वेळां तरी कानीं पडतात. आणि रोज पडतात म्हणूनच तीं कोणी ऐकत नाहीं. पोराला ताप आला तर सारें घर जागें राहतें. आजीचे गुडघे मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखे. त्यांची टिकटिक चालूच असावयाची, असें सर्वांनीं धरून ठेवलेलें असतें. ह्या लेखांत आम्ही जें लिहिणार आहों तें अशाच एका दुखण्याविषयीं आहे. त्यांत आमच्या शहाणपणापेक्षां आमच्या चुकाच अधिक आहेत, हें प्रथमच सांगून टाकतों.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाच्या अंगीं चार चार गुण असावे असें तेथें सांगितलें आहे. रोग्याच्या गुणांत स्मृति आहे, वैद्याचें सांगणें पाळण्याची वृत्ति आहे, निर्भयपणा आहे आणि चौथें ज्ञापकत्व आहे. म्हणजे आपला रोग वैद्यास नीट कळवितां येणें. उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें हा भाग आम्हीं अनेकदां वाचला होता, व प्रसंगीं चार मित्रांत त्यावर पांडित्यहि केलें होतें. परंतु हा चौथा गुण मुद्दाम वेगळा कां सांगावा लागला, याचा उलगडा आम्हांस झाला तो २०२२ सालच्या भाद्रपदांत, आमच्या कुटुंबाच्या पायांतलीं जोडवीं रुतूं लागलीं तेव्हां.

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं आम्हां तिघां भावांचें एकत्र बिऱ्हाड आहे. सौ. ही घरांतली थोरली सून. तिचे गुडघे दुखूं लागून त्या वेळीं सहा वर्षें झालीं होतीं. क्ष-किरणांनीं चित्र काढलें तेव्हां सांध्यांतील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचें गुळगुळीत आवरण, झिजली आहे असें कळलें. ही झीज गोळीनें भरून येत नाहीं, गोळीनें दुखणें तेवढें दबतें, असें अस्थितज्ज्ञांनीं स्वच्छ सांगितलें होतें. पण माणूस ऐकतो तें आपल्या सोयीचें. आम्हीं ऐकलें तें एवढेंच कीं, “दुखेल तेव्हां ही गोळी घ्या.” ती चिठ्ठी दहा दिवसांची होती, ती आम्हीं पांच वर्षें चालविली. पुतण्यानें औषधाच्या दुकानीं जावें, नुसतें नांव सांगावें आणि पत्ता खिशांत घालून यावें, असा परिपाठ पडून गेला.

मध्यंतरीं रक्तदाब वाढला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून दोन गोळ्या सुरू झाल्या. एक दाबाची व एक लघवी अधिक होऊन अंगांतलें पाणी कमी करणारी. पुढें सौ. पुण्यास लेकीकडे गेली असतां तिची कंबर धरली. तेथल्या डॉक्टरांनीं आणखी एक गोळी दिली. तिचें नांव निराळें, रंग निराळा, म्हणून ती निराळी असें आम्ही समजलों. वस्तुतः गांवची गोळी डायक्लोफिनॅकची व पुण्याची असिक्लोफिनॅकची. दोघी सख्ख्या बहिणीच. एकत्र घ्यावयाच्या नव्हेत. शिवाय पुण्याच्या गोळींत पॅरासिटॅमॉलहि मिसळलेलें होतें. तिन्ही डॉक्टरांचा यांत दोष काढावा असें आम्हांस वाटत नाहीं, कारण पहिल्याचें औषध दुसऱ्यास आणि दुसऱ्याचें तिसऱ्यास आम्हीं कधीं दाखविलेंच नव्हतें. उलट, “बाकी कांहीं औषध चालू आहे का?” ह्या प्रश्नास “तसें विशेष कांहीं नाहीं” असें भारदस्त उत्तर आम्हींच एकदां दिल्याचें स्मरतें.

त्या वर्षीं गणपतीच्या आधींचे आठ दिवस सौ.चे उभे राहण्यांतच गेले. डबे घासणें, भाजण्या, निवडणें, टिपणें. गुडघे बोलूं लागले तशी तिनें सकाळची गोळी संध्याकाळींहि घ्यावयास आरंभ केला, आणि तेवढ्यानें भागेना तेव्हां वर पुण्याची जोडली. मग हरतालिकेचा निर्जळी उपास आला. त्या दिवशीं अन्न नाहीं, पाणी नाहीं. मात्र लघवीची गोळी नेमानें घेतली, कारण दाबाचीं औषधें चुकवूं नका असें तिला बजावलेलें होतें. गोळीपुरता घोट उपासास चालतो, हा शास्त्रार्थ तिचा तिनेंच ठरविला होता. गौरी जेवल्या त्या दिवशीं पावलें इतकीं सुजलीं कीं जोडवीं बोटांत रुतलीं. तिनें तीं साबण लावून काढलीं, देवघरांतल्या डबींत ठेवलीं, आणि कोणास एक अक्षर बोलली नाहीं. धाकट्या जावेनें वाढतांना तिचीं बोडकीं बोटें पाहिलीं, तेव्हां कोठें घरांत बोभाटा झाला.

दुसऱ्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं गेलों. तेथील डॉक्टरबाई आमच्या एके काळच्या विद्यार्थिनी. त्यामुळें आम्ही खुर्चींत बसलों तेच जरा ऐसपैस बसलों आणि नेहमींप्रमाणें सौ.च्या वतीनें बोलावयास सुरुवात केली. केव्हां दुखतें, कोठें दुखतें, काय खाल्लें म्हणजे वाढतें, हें सारें आम्ही पाठ म्हटल्यासारखें सांगत होतों, आणि ती पदर सांवरून जमिनीकडे पाहत बसली होती. दोन मिनिटें डॉक्टरबाईंनीं ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, “सर, आपण जरा थांबा. दुखतंय तें काकूंना. त्यांना बोलूं द्या.”

चाळीस वर्षें दुसऱ्यास ‘मध्यें बोलूं नकोस’ म्हणून सांगणाऱ्या माणसास हें ऐकावें लागलें, तेव्हां त्याचें तोंड कसें झालें असेल तें वाचकांनींच ताडावें. पण त्यानंतरच्या पाव तासांत आम्हीं जें ऐकलें त्यानें तो अपमान कोठल्या कोठें गेला. सौ. रात्रीं दोनदां तीनदां दुखण्यानें जागी होत होती. जिना उतरतांना ती भिंतीकडे तोंड करून, लहान मुलासारखी आडवी उतरत होती, आणि कोणी येतांना दिसलें कीं कांहीं तरी शोधल्याचें मिष करीत होती. वर्षभर तिच्या पोटांत जळजळ होत होती, तिच्यावर ती गार दूध पीत होती. चार दिवसांत लघवी फार थोडी झाली होती. आणि गोळ्या? “तीन. कधीं चार. सणाला पांचसुद्धां.”

“तूं हें मला कधीं बोलली नाहींस!” आम्ही म्हणालों.

“तुम्ही विचारलंत कधीं? ‘गुडघे काय म्हणतात’ हें तुम्ही वर्तमानपत्रांतून डोकं वर न काढतां विचारतां. त्याला ‘बरे आहेत’ एवढंच उत्तर असतं.”

रक्तदाब १७० वर १०० निघाला. रक्तांतील क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडें किती काम करीत आहेत याचा अंदाज करतात, तें दोन वर्षांपूर्वीं ०.९ होतें तें १.९ झालेलें होतें.

असें कां व्हावें, हें डॉक्टरबाईंनीं एका कागदावर आकृति काढून समजाविलें. मास्तरांची विद्यार्थिनी शोभली खरी. शरीरांत कोठें इजा झाली कीं तेथें प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात व त्यांच्यामुळें वेदना आणि सूज वाढते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादि औषधें हीं द्रव्यें होऊं देत नाहींत. हें रहस्य जॉन व्हेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं उकललें व त्या संशोधनाबद्दल १९८२ सालीं त्यास नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला. परंतु हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें आम्लापासून रक्षण करतात, आणि हींच मूत्रपिंडांकडे जाणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतात. गोळीला गुडघा कोणता व जठर कोणतें हें कळत नाहीं. ती सगळीकडचीं द्रव्यें आटविते. म्हणून दुखणें थांबतें तेथेंच पोटांत व्रण पडण्याचें, रक्तदाब वाढण्याचें आणि मूत्रपिंड दुखावण्याचें बीज पेरलें जातें. हा गोळीचा अवगुण नव्हे, तिच्या गुणाचीच दुसरी बाजू आहे. ह्याच वर्गांतलें रोफेकॉक्सिब नांवाचें औषध पोटास सौम्य म्हणून निघालें होतें, पण त्यानें हृदयविकाराचा धोका वाढतो असें दिसून आल्यावर २००४ सालीं तें बनविणारांनींच बाजारांतून काढून घेतलें.

सौ.च्या बाबतींत तिहेरी कोंडी झाली होती. रक्तदाबाची तिची गोळी मूत्रपिंडांतील दाब उतरविणाऱ्या वर्गांतली होती. लघवीच्या गोळीनें अंगांतलें पाणी कमी केलें. आणि दुखण्याच्या गोळ्यांनीं येणारें रक्त अडविलें. यांपैकीं एकेक औषध पुष्कळ लोक सुखानें घेतात. तिन्ही एकत्र आलीं, त्यांत वय, त्यांत निर्जळी उपास, म्हणजे मूत्रपिंडांनीं करावें तरी काय? डॉक्टरबाई म्हणाल्या कीं उपासतापासांविषयीं आम्ही विचारावयास विसरतों आणि बायका सांगावयास विसरतात. औषध कसें घ्या हें सांगणारानें चातुर्मास डोक्यांत ठेवला पाहिजे.

येथें थोडें विषयांतर करतों. आमच्या लहानपणीं नदीपलीकडच्या माळावर मेलेल्या गुराभोंवतीं गिधाडांचा मेळा जमत असे. पुढें तीं दिसेनाशीं झालीं, आणि कारण निघालें तें हेंच डायक्लोफिनॅक. गुरांना तें टोंचीत; तीं मेलीं तर मांसांतून तें गिधाडांच्या पोटांत जाई व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. म्हणून सरकारनें २००६ सालीं जनावरांकरितां तें बनविण्यास बंदी केली. माणसाचें मूत्रपिंड गिधाडाइतकें नाजूक नाहीं हें खरें. पण हा सारा इतिहास आम्हीं वर्तमानपत्रांत वाचला होता, त्यावर हळहळलोंहि होतों, आणि त्याच संध्याकाळीं पुतण्याला त्याच औषधाचा पत्ता आणावयास पाठविलें असेल!

डॉक्टरबाईंनीं दोन्ही गोळ्या तत्काळ बंद केल्या, दाबाचें औषध बदललें, आणि घरांतलीं सगळीं औषधें, चूर्णें, मात्रा, तेलें, एका पिशवींत भरून आणावयास सांगितलें. “सगळीं म्हणजे सगळीं,” असें त्यांनीं दोनदां म्हटलें. पिशवींत चौदा पत्ते निघाले; त्यांतल्या पांचांची मुदत संपलेली. एक पुडी यात्रेंतून कोणी आणलेल्या तपकिरी चूर्णाची होती. तीवर ना नांव, ना घटक. “हें घेतलं कीं दोन दिवसांत अंग मोकळं होतं,” अशी घरांत त्याची ख्याति होती. डॉक्टरबाईंनीं ती बाजूला काढली. अशा बेनांवी चूर्णांत पुष्कळदां स्टेरॉइड मिसळलेलें सांपडतें. त्यानें पहिले चार दिवस चमत्कार वाटतो, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात. आणि दीर्घकाळ घेतल्यावर तें एकदम सोडणेंहि धोक्याचें असतें. आयुर्वेदावर आमची श्रद्धा आहे. पण ज्या पुडीला गोत्र नाहीं तिला आयुर्वेद म्हणणें हा आयुर्वेदाचाच अपमान होय.

सहा आठवड्यांनीं क्रिएटिनिन १.१ वर आलें. पाय उतरले, जोडवीं पुन्हां चढलीं. सर्वांनीं निःश्वास टाकला, फक्त सौ.नें टाकला नाहीं, कारण गोळ्या गेल्या तसें सहा वर्षांचें दबलेलें दुखणें जसेंच्या तसें वर आलें होतें. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यास जुनाट वेदना म्हणतात, आणि तिची गोष्ट कांटा टोंचल्याच्या वेदनेहून निराळी असते. मेल्झॅक व वॉल ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं असें मांडलें कीं, वेदनेचा संदेश मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांत जणूं एक दार लागतें. तें कधीं उघडतें, कधीं मिटतें. ह्या कल्पनेंत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या. पण झोंप, काळजी, श्रम, एकटेपणा यांनीं दुखणें वाढतें व कमी होतें, हें आतां सर्वमान्य आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारली, तींत ‘दुखतें’ असें माणूस म्हणेल तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, हेंहि मुद्दाम घातलें. चित्रांत झीज थोडी म्हणून दुखणें थोडें असें समजूं नये.

ह्या भेटींत डॉक्टरबाईंनीं एक प्रश्न विचारला. “काकू, दुखणं दहांत किती, तें मग पाहूं. आधीं हें सांगा, दुखणं कमी झालं तर काय करावंसं वाटतं?” पूजेला खालीं बसावें असें ती म्हणेल, किंवा पंढरपूरला जावें असें, अशी आमची अटकळ. सौ. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गच्चीवर जावंसं वाटतं. संध्याकाळीं. एकटीला.”

आमच्या गच्चीला एकोणीस पायऱ्या आहेत. ती चार वर्षें वर गेलेली नव्हती, आणि हें घरांतल्या अकरा माणसांपैकीं एकाच्याहि लक्षांत आलेलें नव्हतें.

मग त्या एकोणीस पायऱ्यांसाठीं उपाययोजना ठरली. दुखणें भडकल्यावर नव्हे तर कामाच्या आधीं, ठरल्या वेळीं साधें पॅरासिटॅमॉल. निरोगी प्रौढ माणसास दिवसाचें अधिकांत अधिक ४ ग्रॅम अशी त्याची मर्यादा सांगतात. वय झालेलें, वजन कमी असलेलें, यकृत दुबळें असलेलें माणूस असेल तर त्याहून कमी, आणि ती मर्यादा डॉक्टरांनींच ठरवावयाची. सर्दीच्या व अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतहि तेंच असतें, तेंहि ह्याच हिशेबांत धरावें लागतें. मूत्रपिंडें सुधारल्यावर डायक्लोफिनॅकचें मलम गुडघ्यावर लावण्यास परवानगी मिळाली. मलमांतून रक्तांत फार थोडा अंश जातो. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवर बसून पाय सरळ करावयाचा, दहा अंक मोजेपर्यंत धरावयाचा, हळू खालीं आणावयाचा. वजन उतरविणें: एक किलो उतरलें तर चालतांना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो. आणि काठी. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातांत धरावयाची नसते, उलट्या हातांत धरावयाची असते. वडिलांची काठी आम्हीं वीस वर्षें पाहिली होती. त्यांनीं ती चुकीच्या हातांत धरली आणि आम्हीं त्यांस कधीं सांगितलें नाहीं, कारण आम्हांसच ठाऊक नव्हतें.

शिवाय एक वही ठेवण्यास सांगितलें. हें काम आमच्या जातीचें! आम्हीं पट्टी घेऊन अकरा रकाने आंखले. तिथि, वार, औषध, मात्रा, वेळ, आहार, झोंप, वेदनेचा अंक, शेरा वगैरे. महिन्यानें ती वही मोठ्या अभिमानानें पुढें केली. डॉक्टरबाईंनीं पानें उलटलीं. “सर, वेदनेच्या रकान्यांत रोज पांच आहेत. शाई एक, अक्षर आपलं. काकूंना विचारून लिहिलंत का?” आम्ही निरुत्तर. रात्रीं सौ. निजल्यावर आम्ही अंदाजानें आंकडे भरीत होतों, हें कबूल करावें लागलें. शाळेंत असला हजेरीपट कोणी लिहिला असता तर आम्हीं त्याची गय केली नसती.

ती वही बंद झाली. सौ. स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडते. तेथेंच तिनें आपली खूण सुरू केली. बरा दिवस असेल तर कांहीं नाहीं, वाईट असेल तर एक टिंब, फार वाईट असेल तर दोन. रात्रीं झोंप मोडली तर टिंबाखालीं रेघ. औषध बदललें त्या दिवशीं फुली. डॉक्टरबाई आतां तें पानच मागतात. त्यावरून त्यांना कळलें कीं दोन टिंबें येतात तीं कामाच्या दिवशीं नव्हे, त्याच्या दुसऱ्या दिवशीं. म्हणजे सणाचें काम चार दिवसांत वांटलें तर गोळी वाढवावी लागत नाहीं. हें आमच्या अकरा रकान्यांतून कधींच कळलें नसतें.

झोंपेची रेघ वारंवार दिसूं लागली तेव्हां ड्युलोक्सेटिन नांवाची कॅप्सूल थोड्या मात्रेंत सुरू केली. मेंदूकडून खालीं येणारे, वेदनेचें दार मिटणारे जे मार्ग आहेत त्यांस ती बळ देते. पहिले दोन आठवडे मळमळेल, तोंड कोरडें पडेल, म्हणून सकाळीं खाऊन घ्या. दाब तपासत राहा. आणि मनानें एकदम बंद करूं नका, असें तीनदां बजावून सांगितलें. दीड महिना चांगला गेला. मग आमच्या धाकट्या बंधूंनीं मोबाइलवर त्या औषधाचें नांव घालून पाहिलें आणि जेवतांना सर्वांसमक्ष म्हणाले, “वहिनी, हें तर उदास रोग्यांना देतात!” पोरें हंसलीं. सौ. कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तिनें कॅप्सूल काढून तुळशीच्या कुंडींत टाकावयास आरंभ केला. तीन दिवसांनीं तिला चक्कर येऊं लागली, डोक्यांतून विजेसारखी चमक जाई, कारण नसतां रडें येई. घरांत कोणास कळेना. दिनदर्शिकेवर मात्र तिनें फुली मारून ठेविली होती; खोटें लिहिणें तिच्या स्वभावांत नाहीं. ती फुली दिसली आणि आम्हीं विचारलें, वर्तमानपत्र खालीं ठेवून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “मी वेडी आहें का?”

डॉक्टरबाई रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर सौ.नें पुढच्या खेपेस फुलीहि मारली नसती. त्या म्हणाल्या, “सांगितलंत तें फार बरं केलंत.” एकाच औषधाचीं दोन कामें असतात; जें मन सांवरण्यास देतात तेंच मज्जातंतूंच्या वेदनेवर व गुडघ्याच्या वेदनेवरहि देतात, मधुमेह्यांच्या पायांच्या आगीवरहि देतात. नको असेल तर बंद करूं, पण हळूहळू उतरवून, हवें असेल तर पुन्हां लहान मात्रेपासून सुरू करूं, ठरवावयाचें काकूंनीं. सौ.नें दिनदर्शिकेचीं दोन पानें शेजारीं धरून पाहिलीं, रेघा मोजल्या आणि सुरू करावयाचें ठरविलें. धाकट्या बंधूंस आम्हीं त्या रात्रीं काय सांगितलें तें येथें छापण्याजोगें नाहीं.

पोटांत घेतलेल्या दुखण्याच्या गोळीनंतर विष्ठा डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, पायांवर वा तोंडावर सूज आली, दम लागला, छातींत दुखलें, डोळे पिवळे झाले, अंगावर पुरळ उठून ओठ सुजले, तर पुढच्या तारखेची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. औषधाचा कांहीं अपाय झाला असें वाटलें तर तो सरकारदरबारीं नोंदवितांहि येतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. भारत सरकारचा औषध-दक्षतेचा उपक्रम २०१० पासून चालू आहे, व १८००-१८०-३०२४ ह्या विनामूल्य दूरध्वनीवर रोग्यास स्वतः कळवितां येतें.

अफूच्या वर्गांतील औषधांबद्दल दोन शब्द. गुडघ्याच्या जुनाट दुखण्यास तीं सहसा देत नाहींत, आणि दिलींच तर थोडे दिवस. बद्धकोष्ठ, ग्लानि, तोल जाणें व संवय लागणें हे त्यांचे दोष. ट्रॅमाडॉल ही गोळी २०१८ सालीं अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणली ती उगीच नव्हे. पण कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट वेगळी. तेथें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मॉर्फिन देणें हेंच योग्य असतें, आणि रोग्यांस तें सुलभ व्हावें म्हणून १९८५ चा तो कायदा २०१४ सालीं सुधारण्यांत आला आहे. ‘संवय लागेल’ ह्या भीतीनें मरणाच्या दारांतल्या माणसास तळमळत ठेवणारीं सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

सौ.चे गुडघे बरे झाले आहेत काय? नाहीं. टिंबें अजून येतात. श्रावणांत, सर्दींत, आणि पाहुणे आले कीं हमखास. पुढेंमागें सांधा बदलण्याचा विचार करावा लागेल, असें डॉक्टरबाईंनीं सांगून ठेवलें आहे, व त्याचीहि चर्चा सौ.नेंच सुरू केली आहे. यंदा हरतालिकेच्या आदल्या दिवशीं तिनें आम्हांस न विचारतां दूरध्वनी केला आणि उपासाचें काय करावें तें डॉक्टरबाईंस विचारलें. पाणी प्यालेंच पाहिजे, दूध-फळें घ्या, कॅप्सूल चुकवूं नका, असें उत्तर आलें. “देवीला मी समजावीन,” असें ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

संध्याकाळीं पांचाच्या सुमारास ती काठी घेऊन उठते. चढतांना बरा पाय आधीं, उतरतांना दुखरा आधीं, हा नियम तिनें चांगला बसविला आहे. एकोणीस पायऱ्यांना मध्यें एक विसांवा लागतो. वर ती अर्धा तास असते. काय करते, तें आम्हांस माहीत नाहीं. परवां आम्ही मागोमाग जाऊं लागलों, तर अर्ध्या जिन्यावरून मागें न वळतांच तिनें सांगितलें, “तुम्ही खालींच थांबा. चहाचं आधण ठेवा. मी येतें.”